चहावाल्यांचा कॉम्प्युटर

मागच्या शुक्रवारी आमच्या प्रोजेक्टचा डेमो होता. क्लायंट म्हणजे मालाचं वितरण करणारी एक बऱ्यापैकी मोठी कंपनी (नाव सांगत नाही, नोकरी प्यारी आहे). चार महिने खपून आम्ही त्यांच्यासाठी डॅशबोर्ड बनवला होता. एकोणचाळीस चार्ट! पाय चार्ट, बार चार्ट, नकाशावर रंगीत ठिपके, आणि कुठेही क्लिक केलं की आत अजून चार. डेमो संपला. आमच्या टीम लीडने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. तेवढ्यात क्लायंटकडच्या गोडाऊनचं काम बघणाऱ्या एक मॅडम, ज्या तासभर गप्प बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "छान आहे. पण हे बघून सोमवारी सकाळी मी वेगळं काय करायचं?"

कोणालाच उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. टीम लीड काहीतरी 'व्हिजिबिलिटी' वगैरे पुटपुटला आणि मीटिंग चहावर संपली.

तर मंडळी, हा आठवडाभर तो प्रश्न डोक्यात भुणभुणत होता. त्यावरून इंजिनिअरिंगचा एक विषय आठवला, एमआयएस. मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम्स. आदल्या रात्री झेरॉक्स वाचून पास व्हायचा विषय. डेटा म्हणजे कच्चे आकडे, माहिती म्हणजे त्यावर प्रक्रिया करून निर्णयाला उपयोगी पडेल असं केलेलं काहीतरी, आणि मग तो जगप्रसिद्ध त्रिकोण: खाली रोजचे व्यवहार, मध्ये मधले मॅनेजर, टोकावर डायरेक्टर लोक. त्रिकोण काढला की चार मार्क पक्के. नोकरीला लागल्यावर कळलं की आपल्याकडे 'एमआयएस' हा शब्दच वेगळ्या अर्थाने चालतो. "एमआयएस पाठवलास का?" म्हणजे रोज संध्याकाळी चाळीस जणांना जाणारी एक्सेल शीट, जी त्यातले दोन जण उघडतात.

पण या विषयामागची खरी गोष्ट आम्हाला कोणी सांगितलीच नाही. ती त्रिकोणापेक्षा कितीतरी रंजक आहे. आणि गंमत म्हणजे ती सुरू होते एका चहाच्या दुकानात.

लंडनमधली जे. लायन्स अँड कंपनी. साल्मन आणि ग्लकस्टीन या घराण्यांची. १८९४ साली त्यांनी पिकॅडिलीत पहिलं टीशॉप उघडलं आणि पुढे ब्रिटनभर त्यांची दुकानं झाली. आत स्वच्छ टेबलं, परवडणारा चहा, बन, केक. वाढणाऱ्या मुलींना लोक 'निप्पी' म्हणत, इतक्या त्या चटपटीत. शिवाय मोठमोठी रेस्टॉरंट, बेकऱ्या, आइसक्रीम, पाकीटबंद चहा. सगळ्याचं मुख्यालय हॅमरस्मिथमधलं कॅडबी हॉल.

आता यातली अडचण बघा. गिऱ्हाईक येतं, एक चहा आणि एक बन घेतं, काही पेन्स देऊन जातं. त्यातला नफा पेनीच्या कुठल्यातरी तुकड्याएवढा. पण अशी गिऱ्हाइकं लाखोंनी. प्रत्येकाचं बिल, प्रत्येक बिलाची बेरीज, ती तपासणारा वेगळा कारकून. म्हणजे पेनीच्या तुकड्याएवढ्या नफ्यातून कारकुनांच्या पलटणीचा पगार काढायचा! इथे हिशेब ठेवायचा खर्चच धंद्याला खाऊ शकतो. पोलादाच्या कारखान्याला हा प्रश्न इतका बोचत नाही, चहावाल्याला बोचतो. जगात सगळ्यात आधी ऑफिसच्या कामाला कॉम्प्युटर लावणारी कंपनी चहावाली का निघाली, त्याचं मला पटलेलं कारण हेच.

१९२३ साली लायन्सने जॉन सिमन्स नावाच्या तरुणाला नोकरीवर घेतलं. केंब्रिजचा गणिती. काम काय, तर ऑफिसचं कामकाज सुधार. (आज याला आपण 'प्रोसेस ट्रान्सफॉर्मेशन' म्हणून ताशी दराने बिल लावू.) सिमन्सचं म्हणणं साधं होतं. कारकुनाने तयार केलेला प्रत्येक कागद कोणासाठी आहे आणि तो वाचून तो माणूस काय करतो, हे आधी विचारा. कोणीच काही करत नसेल तर कागद बंद. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने कंपनीत 'सिस्टीम्स रिसर्च ऑफिस' असा विभागच काढला. त्यातले लोक दिवसभर हेच करायचे: वेगवेगळ्या खात्यांत जाऊन बसायचं, कामाचा ओघ बघायचा, फॉर्म कमी करायचे. कॉम्प्युटर हा शब्द तेव्हा माणसासाठी वापरत, आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी. म्हणजे यंत्र यायच्या पंधरा-वीस वर्षं आधी यांच्याकडे सिस्टीम्स अ‍ॅनालिस्ट होते. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, सिमन्सचे दोन माणसं, ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड आणि रेमंड थॉम्प्सन, अमेरिकेला गेली. तिकडच्या ऑफिसांमध्ये युद्धाच्या काळात काय नवीन आलंय ते बघायला. ऑफिसांमध्ये फार काही दिसलं नाही. पण 'इलेक्ट्रॉनिक मेंदू' नावाचं काहीतरी लष्करासाठी बनलंय असं कानावर आलं होतं, म्हणून ते प्रिन्स्टनला हर्मन गोल्डस्टाइनला भेटले. एनियाक या अवाढव्य यंत्रावर काम केलेला माणूस. यांनी विचारलं, हे यंत्र तोफगोळ्यांच्या मार्गाचं गणित करतं, तर मग बन आणि केकचं का नाही करणार? गोल्डस्टाइनला ही कल्पना आवडली, आणि त्याने सांगितलं की अहो, तुमच्या घराजवळच केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स असं एक यंत्र बांधतोय! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

परत आल्यावर दोघांनी रिपोर्ट लिहिला. त्यातलं धाडस असं की त्यांनी संचालकांना 'यंत्र विकत घ्या' असं सांगितलंच नाही. विकत घ्यायला यंत्र होतंच कुठे! तेव्हा आपणच बांधू या, असा सूर होता. चहावाली कंपनी कॉम्प्युटर बांधणार. आज एखाद्या स्वीट मार्टने 'आम्ही स्वतःची चिप बनवतोय' म्हटलं तर आपण हसून लोळू. पण लायन्सच्या संचालकांना सिमन्सच्या माणसांवर वीस वर्षांचा भरवसा होता. त्यांनी विल्क्सला सुमारे ३ हजार पौंड दिले आणि मदतीला आपला एक तंत्रज्ञ, अर्नेस्ट लेनार्ट्स, पाठवला. ६ मे १९४९ ला विल्क्सच्या एडसॅकवर पहिला प्रोग्राम चालला, आणि लायन्सने त्याच धर्तीवर आपलं यंत्र बांधायला घेतलं. त्यासाठी जॉन पिंकर्टन हा इंजिनिअर आधीच घेऊन ठेवला होता. यंत्राचं नाव ठेवलं लिओ. लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. नावात 'कॉम्प्युटर' नाही, 'ऑफिस' आहे, हे लक्षात घ्या.

लिओमध्ये सुमारे ६ हजार व्हॉल्व होते. मेमरी म्हणजे पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या, त्यातून ध्वनीच्या लहरी फिरवत आकडे जिवंत ठेवायचे. एकूण मेमरी २ हजारांच्या आसपास शब्दांची, आणि एकेक शब्द १७ बिटांचा. माझ्या मोबाइलमधल्या एका 'गुड मॉर्निंग' फोटोत लिओच्या शंभरेक मेमऱ्या सहज मावतील. व्हॉल्व कधीही उडायचा, म्हणून पिंकर्टनच्या लोकांनी यंत्राला मुद्दाम ताण देऊन कमकुवत व्हॉल्व कामाआधीच हेरायची पद्धत बसवली. त्यातून ब्रिटिश पैसा: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. बायनरी यंत्राकडून हा हिशेब करून घ्यायचा! (आपल्याकडचे रुपये-आणे-पै १९५७ ला सुटले, ब्रिटिशांनी ते दुखणं १९७१ पर्यंत काढलं.)

या यंत्राला काम काय द्यायचं, हे ठरवण्यात डेव्हिड कॅमिनर नावाचा एक विलक्षण माणूस पुढे होता. १९३६ साली लायन्समध्ये लागलेला, युद्धात ट्युनिशियात एक पाय गमावून परत आलेला. प्रोग्रामर मंडळी त्याला टरकून असत असं वाचलंय. तर पहिलं काम निवडलं बेकरीच्या मालाचं मूल्यांकन. आठवड्यात कुठल्या बेकरीने काय आणि किती बनवलं, त्याला कच्चा माल, मजुरी किती लागली, तो कुठल्या विक्री विभागाकडे गेला, त्या मालावर सुटलं किती. ५ सप्टेंबर १९५१ ला चाचणी झाली आणि नोव्हेंबरअखेर हे काम कायमचं लिओवर आलं, दर आठवड्याला. रोजच्या धंद्याचं नियमित काम करणारा जगातला पहिला कॉम्प्युटर असा हा स्विस रोलच्या हिशेबाला बसला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने युनिव्हॅकवर पगारपत्रक काढलं ते १९५४ साली.

पहिलं काम म्हणून पगारपत्रक का घेतलं नाही? मला यातलं शहाणपण फार आवडतं. बेकरीचा हिशेब एक दिवस उशिरा आला तर कोणाचं बिघडत नाही. पगार उशिरा झाला तर कारखान्याच्या दारात माणसं उभी राहतात. शिवाय बेकरीच्या कामात यंत्राला खायला घालायचे आकडे थोडे होते, आणि भराभर आकडे आत-बाहेर करणारी सामग्री अजून नीट चालत नव्हती. पगारपत्रक लिओवर आलं १९५४ च्या सुरुवातीला, तेसुद्धा बरेच दिवस जुन्या पद्धतीशी समांतर चालवून, ताळा घेऊन. अनुभवी कारकुनाला एका माणसाचा पगार काढायला ८ मिनिटं लागत, लिओला दीड सेकंद.

इथे गोष्ट संपली असती तर 'यंत्र कारकुनापेक्षा वेगवान असतं' एवढीच झाली असती. त्यात एमआयएस कुठे आहे? ती आली ऑक्टोबर १९५४ मध्ये, टीशॉपच्या ऑर्डरींबरोबर. आणि माझ्या मते सगळ्या कहाणीतला सगळ्यात देखणा भाग हाच आहे.

लायन्सची टीशॉप तेव्हा दीडशेच्या वर होती. प्रत्येक दुकानात एक मॅनेजरबाई. तिने रोज ठरवायचं की उद्या किती पाव, किती केक, किती पाय लागतील. सगळ्या दुकानांचे कागद जमवायचे, बेरजा करायच्या, बेकरीला आकडा द्यायचा, रात्री माल बनवायचा, कुठल्या गाडीत कुठल्या दुकानाचा माल ते ठरवायचं, आणि सकाळी ताजा माल दारात. उरलेला केक दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. कमी पडला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात.

आमच्यासारख्यांना हे काम दिलं असतं तर आम्ही काय केलं असतं? प्रत्येक मॅनेजरबाईला शंभर रकान्यांचा फॉर्म रोज भरायला लावला असता. कॅमिनरच्या लोकांनी उलट केलं. त्यांच्या लक्षात आलं की दर सोमवारची ऑर्डर आधीच्या सोमवारसारखीच असते, थोडा इकडेतिकडे फरक. म्हणून प्रत्येक दुकानाची, आठवड्याच्या प्रत्येक वाराची एक ठरलेली ऑर्डर लिओकडे ठेवून दिली. मग रोज ठरलेल्या वेळी कॅडबी हॉलमधून मॅनेजरबाईला फोन जायचा: उद्यासाठी काही बदल? "पाव तेवढेच, बन दोन डझन जास्त द्या." फोनवरची मुलगी कानाला हेडफोन लावून ऐकता ऐकता तो बदल थेट कार्डावर पंच करायची. मध्ये कागद नाही, नक्कल नाही. सांगायचा तो फक्त बदल.

मग लिओ बेरजा करायचा, बेकरीला काय किती बनवायचं ते सांगायचा, प्रत्येक दुकानासाठी माल भरायच्या याद्या छापायचा. आणि त्याच आकड्यांतून, वेगळी मेहनत न घेता, वरच्या मंडळींसाठी विक्रीचा तपशील निघायचा. एकदाच भरलेला आकडा बेकरीवाल्याला वेगळं सांगतो, गाडीवाल्याला वेगळं, साहेबाला वेगळं. पुस्तकातला त्रिकोण तो हाच! फक्त पुस्तकात तो असा काढतात की जणू वरच्या टोकासाठी माहिती गोळा करायची म्हणून खालचे लोक आकडे भरतात. लायन्समध्ये आधी मॅनेजरबाईचं काम हलकं झालं, आणि म्हणूनच तिने सांगितलेला आकडा खरा होता. वरच्यांची माहिती ही त्या कामातून पडलेली साय. माझ्या चार वर्षांच्या नोकरीत हा क्रम कोणी पाळलेला मी पाहिलेला नाही. आम्ही आधी डायरेक्टरसाहेबांचा स्क्रीन डिझाइन करतो, मग त्यात भरायला आकडे हवेत म्हणून गोडाऊनच्या माणसाला आठ नवीन रकाने देतो, आणि मग 'डेटा क्वालिटी' खराब आहे म्हणून रडतो.

ही मंडळी काम कशी करायची तेही सांगायला हवं. एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याने कागदावर ओळ न ओळ तपासायचा, मगच यंत्राला हात. (कोड रिव्ह्यू म्हणजे आपण काल लावलेला शोध नव्हे!) प्रोग्रामर बरेचसे कंपनीतलेच, कामाची नस माहीत असलेले. मेरी कूम्ब्स त्यातली एक, १९५२ मध्ये या टीममध्ये आली. धंद्याच्या कामासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. ४ नोव्हेंबर १९५४ ला लायन्सने लिओ कॉम्प्युटर्स लिमिटेड अशी वेगळी कंपनी काढली आणि यंत्रं इतरांना विकायला सुरुवात केली. फोर्ड कंपनीचे पगार तर १९५०च्या दशकाच्या मध्यापासून लिओवरच निघत होते.

'मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम' हे भारदस्त नाव मात्र लिओनंतरचं, अमेरिकेतलं, १९६०च्या दशकातलं. तोवर मोठ्या कंपन्यांकडे आयबीएमची यंत्रं आली होती आणि प्रत्येक साहेबाच्या टेबलावर रिपोर्टांचे गठ्ठे पडायला लागले होते. १९६५ मध्ये रॉबर्ट अँथनीने निर्णयांचे तीन थर सांगितले: दूरवरचं नियोजन, व्यवस्थापनाचं नियंत्रण आणि रोजच्या कामाचं नियंत्रण. आपल्या त्रिकोणाचे आजोबा हेच. आणि १९६७ मध्ये रसेल अ‍ॅकॉफने एक लेख लिहिला, नावातच चिमटा: 'मॅनेजमेंट मिसइन्फर्मेशन सिस्टीम्स'. त्याचं म्हणणं असं की मॅनेजरकडे माहिती कमी असते हा गैरसमज आहे. त्याच्याकडे निरुपयोगी माहिती जास्त असते, म्हणून चांगल्या सिस्टीमचं पहिलं काम गाळायचं आणि संक्षेप करायचं. शिवाय मॅनेजरला 'काय माहिती हवी' विचारलं तर तो सगळंच मागतो, कारण आपण निर्णय कसा घेतो हे त्यालाच नीट उमगलेलं नसतं. आधी निर्णय समजून घ्या, मग माहिती. वाचताना मला आमचे एकोणचाळीस चार्ट डोळ्यांसमोर फेर धरून नाचताना दिसले. :)

आता त्या मुद्द्यावर परत येतो. लायन्सला हे सगळं लिओमुळे जमलं नाही. सिमन्सने १९२३ पासून जे केलं त्यामुळे जमलं, लिओ त्या सगळ्याचा शेवटचा पाच टक्के. ज्या कंपन्यांनी नंतर नुसतं यंत्र विकत घेतलं त्यांना वेगवान कारकून मिळाला, बाकी काही नाही. आमच्या क्लायंटने क्लाऊड घेतला, टूल घेतलं, आम्हाला घेतलं. सिमन्स कोणी घेतला नाही.

पण थांबा, लायन्सला डोक्यावर घेऊन नाचण्याआधी पुढचं ऐका. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने युरोप-अमेरिकेत धडाधड कंपन्या विकत घेतल्या. १९७३ ला बास्किन-रॉबिन्ससुद्धा. पैसा परकीय चलनात कर्जाने काढलेला. तेलाचे भाव भडकले, पौंड घसरला, कर्ज मानेवर बसलं, आणि १९७८ साली अलाइड ब्रुअरीज या दारूवाल्यांनी लायन्स विकत घेतली. कुठल्या केकवर किती पेन्स सुटतात हे आठवड्याच्या आठवड्याला सांगणारी जगातली पहिली कंपनी, आणि तिला कोणी सांगितलं नाही की हे कर्ज झेपणार नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मॅनेजरबाईच्या फोनमध्ये नव्हतंच. बेकरीच्या हिशेबातही नव्हतं. त्रिकोणाच्या टोकावर जे निर्णय होतात त्यांना लागणारी माहिती बहुतेक कंपनीच्या बाहेर असते, आणि ती आतल्या आकड्यांच्या बेरजेतून वर येत नाही. परीक्षेत मी लिहिलं होतं की 'माहिती खालून वर गाळत जाते'. चार मार्क मिळाले होते.

लिओचं पुढे काय झालं? पहिला लिओ ४ जानेवारी १९६५ ला बंद केला. लिओ कंपनी १९६३ मध्ये इंग्लिश इलेक्ट्रिकच्या कॉम्प्युटर व्यवसायात विलीन झाली आणि ते सगळं १९६८ साली आयसीएलमध्ये गेलं. आणि पुणेकरांनो, ही आयसीएल तुमच्या ओळखीची आहे. तिची पुण्यातली कंपनी म्हणजे आयसीआयएम, जिची पुढे 'झेन्सार' झाली. म्हणजे खराडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये बसून जी पाटी आपण बघतो तिच्या खानदानात, लांबच्या नात्याने का होईना, एक चहाचं दुकान आहे. ब्रिटिश पोस्ट खात्यातले लिओ-३ तर १९८१ पर्यंत टेलिफोनची बिलं काढत होते.

सोमवारी मी त्या गोडाऊनच्या मॅडमना फोन केला. विचारलं, "मॅडम, सकाळी आल्यावर तुम्ही पहिलं काय ठरवता?" त्या म्हणाल्या, "कोणत्या दुकानदाराला फोन करायचा ते." रोजच्या ऑर्डरी त्यांना तोंडपाठ असतात. एखाद्याची ऑर्डर अचानक निम्मी झाली किंवा दुप्पट झाली की त्या फोन लावतात. एकतर त्याने चुकीचा आकडा टाकलेला असतो, नाहीतर तो दुसऱ्याकडून माल घ्यायला लागलेला असतो. अशी नावं त्या रोज रात्री एका वहीत लिहितात. वही फुलस्केप, लाल कव्हरची.

ती यादी बनवायला मला दीड दिवस लागला. एक पान, बारा-पंधरा नावं, शेजारी फोन नंबर. टीम लीडला दाखवली. तो दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "चांगलं आहे रे, पण करारात एकोणचाळीस चार्ट लिहिलेत. बिलिंग त्यावर आहे." तेव्हा पुढच्या रिलीजमध्ये एकोणचाळीस चार्ट आणि ती एक यादी, असं ठरलंय. यादीची लिंक कुठे द्यायची यावर मंगळवारी मीटिंग आहे.